गोडाच्या आड

पंच नावाचे जे पेय आज जगभर प्याले जाते, त्याला ते नाव आपल्या ‘पाच’ या शब्दावरून पडले असे पुष्कळ कोशकार मानतात. काहीजण पंचन नावाच्या मोठ्या पिपाकडे बोट दाखवितात. पण पहिले मत अधिक प्रचलित आहे आणि मला स्वतःला तेच आवडते. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाने १६३२ साली लिहिलेल्या पत्रात हा शब्द सापडतो. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आलेल्या या गोऱ्या लोकांनी इथला अरक घेतला, त्यात लिंबू पिळले, साखर घातली, पाणी ओतले आणि वर जायफळ किसले. कडक, आंबट, गोड, पाणचट आणि सुवासिक असे हे पाच जिन्नस. देवापुढच्या पंचामृताशी या पंचाचे नाते नावापुरतेच आहे. तरी साखर दोघांतही आहे, आणि मला बोलायचे आहे ते साखरेविषयीच.

दिवाळीच्या अंकात, घरातली लहानथोर मंडळी वाचणार अशा ठिकाणी, दारूचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्यावर माझे उत्तर इतकेच, की विषय घरातच आला आहे. आपण त्याच्याकडे पाठ करून बसलो म्हणून तो उठून जाणार नाही. माझा भाचा व्यापारी जहाजावर इंजिनिअर आहे. दिवाळीला घरी असला म्हणजे फराळाची गडबड आटोपल्यावर चार मोठी माणसे गच्चीवर बसतात, आणि तो बार्बाडोसच्या बंदरात शिकलेला ‘प्लँटर्स पंच’ करतो. त्याच्यापाशी रीतसर परवाना आहे. १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा नाव बदलून आपल्या राज्यात अजूनही लागू आहे आणि पिणाऱ्याला परवाना लागतो, हे अनेकांच्या गावीही नसते. मी पंचाहत्तरी गाठलेली, जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकविलेली बाई. मला त्या प्रयोगात पहिल्यापासून रस वाटला, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

बार्बाडोसमधले जुने प्रमाण मोठे सुटसुटीत आहे. आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन आणि पाणचट चार. भाचा वीस मिलिलिटर लिंबाचा रस घेतो, चाळीस साखरेचा पाक, साठ रम आणि ऐंशी फळांचा रस. फळे म्हणजे अननस आणि संत्रे. अननस स्वतःच इतका गोड, की पाक निम्म्यावर आणला तरी चालतो, असे मी त्याला सुचविले आणि त्याने ते मानले. मग बर्फ, अँगोस्तुराच्या कडू अर्काचे दोनतीन थेंब आणि वर जायफळ. हा कडू अर्क १८२४ साली व्हेनेझुएलात एका जर्मन डॉक्टराने पोटाचे औषध म्हणून काढला. पुढे तो कारखाना त्रिनिदादला गेला. जायफळ मात्र श्रीखंडात घालतो तेच, आणि किसायचेही तसेच, हलक्या हाताने. ‘माय ताय’ म्हणून याच कुळातले दुसरे एक पेय आहे. ते १९४४ साली कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड गावी व्हिक्टर बर्जरन नावाच्या उपाहारगृहवाल्याने सिद्ध केले. त्यात सतरा वर्षे मुरलेली जमैकाची रम होती, पण मला गंमत वाटली ती पुढच्या जिनसांची: खडीसाखरेचा पाक आणि बदामाचे सरबत! आपल्या देवघरातले आणि बाळंतिणीच्या खोलीतले जिन्नस इतक्या दूर जाऊन कोणाच्या संगतीला लागले, ते पाहा. मूळच्या माय तायमध्ये अननस नव्हता. तो मागाहून हवाईत शिरला.

मी दोन घोट घेतले. लागले काय, तर अननस, लिंबू आणि जायफळ. रम कुठेच लागली नाही. मी भाच्याला म्हटले, ‘अरे, तू घातलीस ना नक्की?’ तो हसून म्हणाला, ‘मावशी, तीच तर याची खुबी आहे.’

त्या खुबीपाशी मी अडले ती आजवर अडलेलीच आहे.

खुबीचे शास्त्र सोपे आहे. मद्यार्काची जिभेवरची जळजळ आणि नाकात चढणारा वास हीच त्याची ओळख. गारव्याने वास उडायचा कमी होतो, साखर कडवटपणा दाबते, आंबटपणा लक्ष दुसरीकडे वळवितो. ओळखीच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात; वस्तू मात्र तेवढीच राहते. आपल्याकडची रम बहुधा ४२.८ टक्क्यांची असते. साठ मिलिलिटरांत सुमारे सव्वीस मिलिलिटर मद्यार्क, म्हणजे वजनाने वीस ग्रॅम. पुष्कळ देशांत दहा ग्रॅमला एक माप धरतात. त्या हिशेबाने एका पेल्यात दोन मापे झाली. माणसाचे यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमांचा निचरा करते. म्हणजे दहा मिनिटांत सरबतासारखा संपविलेला पेला शरीरातून जायला दोन तासांहून अधिक वेळ घेतो. पिणाऱ्याच्या जिभेला यातले काही कळत नाही. कळते ते फक्त मिसळणाऱ्याच्या हाताला.

हा माझा पहिला प्रश्न. ज्याच्या हातात माप आहे त्याने ज्याच्या ओठाला पेला लागणार आहे त्याला काय सांगणे लागते?

भाच्याच्या पंचाला नावे ठेवण्याआधी आपल्या अंगणात पाहू. शिमग्याला थंडाईत भांग घालून ती न सांगता कोणाला तरी पाजायची आणि मग त्याची फजिती पाहत हसायचे, ही गंमत अजून चालते. तिला कोणी विषप्रयोग म्हणत नाही. पण ज्याला ती पाजली त्याच्या जागी उभे राहून पाहा. त्याने दूध म्हणून घेतले. त्याचा होकार दुधाला होता. तो होकार दुसऱ्याच वस्तूच्या खाती जमा करणे याला खोड्या म्हणता येईल, आदरातिथ्य म्हणता येणार नाही.

मग आई लेकराला कडू गोळी गुळात दडवून देते, त्याचे काय? माझ्या लहानपणी हिवतापाला कोयनेल असेच पोटात गेले आहे. तिथेही गोडाच्या आड कडू आहे आणि तिथेही सांगितलेले नाही. दोन्हींत फरक आहे असे मन लगेच सांगते, पण तो कोणता, हे सांगायला थोडे थांबावे लागते. आईने दडविले ते मुलाच्या भल्यासाठी, हे एक. पण एवढे पुरेसे नाही. भल्यासाठी म्हणून जगात काय काय दडविले गेले आहे, त्याला सुमार नाही. मला वाटते, खरा फरक असा, की आई त्या गोळीची सगळी जबाबदारी अंगावर घेऊन रात्रभर उशाशी बसलेली असते, आणि मूल मोठे झाल्यावर तिला ते सांगताना लाज वाटणार नाही. भांगेवाल्याला दुसऱ्या दिवशी सांगायचे असते तेही पुन्हा हसण्यासाठी.

विकणाऱ्यांना तर हे पक्के ठाऊक होते. १९३४ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ या मद्यगृहात ‘झोंबी’ नावाचे पेय निघाले. कित्येक प्रकारच्या रमा आणि फळांचे रस. गिऱ्हाइकाला दोनांहून अधिक द्यायचे नाही, असा मालकाचा नियम होता. नियमाची जाहिरात झाली आणि खपही वाढला. तरी त्यात एक कबुली आहेच: तुमची जीभ तुम्हांला सावध करणार नाही, कारण आम्ही तशीच व्यवस्था केली आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण मला इंग्रजांच्या आरमारात सापडले. खलाशांना रोजचा रमचा शिधा मिळे. ती चाल १९७० च्या ३१ जुलैला बंद झाली. १७४० साली ॲडमिरल व्हर्ननने हुकूम काढला, की शिधा कोरा द्यायचा नाही; एक भाग रमला चार भाग पाणी मिसळून द्यायचा. खलाशी चिडले असतील यात शंका नाही. पण त्याच हुकुमात आणखी एक कलम होते: मिसळणे व्हायचे ते उघड्या डेकवर, पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यासमोर, आणि खलाशांची फसवणूक होत नाही हे त्याने पाहायचे. त्या काळचे आरमार म्हणजे फटक्यांचे राज्य. माणसांना वाटेल तसे राबविणाऱ्या त्या व्यवस्थेलाही एवढे कळले होते, की मिसळायचे ते दिसेल असे.

न सांगण्याचे शेवटचे टोक आपण आपल्या मुंबईत पाहिले आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. त्या दारूत मेथॅनॉल होते. मेथॅनॉल दिसायला मद्यार्कासारखेच, चवीलाही फारसे निराळे नाही. मी शाळेत त्याची बाटली कुलपात ठेवीत असे. दिवसभर राबून आलेल्या त्या माणसांनी घेतली ती दारू म्हणून. हातावर टेकविणाऱ्याने आत काय आहे ते सांगितले नाही.

माझे वडील हे सारे ऐकून काय म्हणाले असते, ते मला चांगले ठाऊक आहे. १९३० साली, सतरा वर्षांचे असताना, ते ताडीच्या दुकानासमोर पिकेटिंग करायला उभे राहिले आणि दंडुके खाऊन घरी आले. जन्मभर त्यांनी थेंबाला शिवले नाही. पण पिणाऱ्याला पापी म्हणताना मी त्यांना कधी ऐकले नाही. त्यांचा प्रश्न वेगळा असे. ‘कोणाच्या घरातली भाकरी कमी होऊन हा गुत्ता चालतो?’ असे ते विचारीत. त्यांच्या लेखी दारू ही दुसऱ्याच्या ताटातून उचललेली वस्तू होती. भाचा आपल्या कमाईतून आणतो, घरी कोणाचे ताट रिकामे नाही, पंचविशीच्या आतल्या कोणाला पेला देत नाही. तेव्हा आजोबांचा प्रश्न आपल्याला लागू नाही, असे तो म्हणतो. मला काही दिवस ते पटलेही.

पण ती बाटली प्रथम उघडली तेव्हाच मला एक वास आला होता, आणि तो कुठला ते आठवायला वेळ लागला नाही. आमच्या सांगली जिल्ह्यात साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्याला तो गळिताच्या हंगामात नाकात बसलेला असतो. मळीचा वास. आंबूस, गोड, जरासा जळकट. साखरेचे दाणे निघाल्यावर जो काळा चिकट पाक उरतो ती मळी. ती आंबवून रम होते. रम म्हणजे साखरेचीच धाकटी बहीण. तेव्हा वडिलांचा प्रश्न गुत्त्यापाशी थांबत नाही. तो मागे उसाच्या फडात जातो.

‘प्लँटर’ म्हणजे मळेवाला. पंचाच्या या नावातच मालक आहे, मजूर नाही. बार्बाडोसमध्ये १६४० नंतर उसाचे मळे फोफावले आणि ते राबविले आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांत कोंबलेल्या माणसांची संख्या सव्वा कोटीच्या घरात जाते, असे इतिहाससंशोधकांचे अनुमान आहे. जिवंत उतरले ते एक कोटी सात लाखांच्या आसपास. मधली माणसे समुद्रात गेली.

१७९१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने गुलामांचा व्यापार थांबविण्याचा ठराव फेटाळला, तेव्हा विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थाने एक छोटे पत्रक काढले. वेस्ट इंडिजची साखर आणि रम घरात आणू नका, एवढीच त्याची विनंती. मला त्यातला हिशेब विलक्षण वाटतो. आठवड्याला पाच पौंड साखर आणि त्या बेताने रम वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती सोडली, तर एक माणूस गुलामीतून वा मरणातून वाचेल. आकडा बरोबर की चूक, हा वाद त्या काळीही झाला असेल. पण पार्लमेंटला जे जमले नाही ते त्याने चहाच्या टेबलावर आणून ठेवले, आणि पुष्कळ घरांतल्या बायकांनी साखरेचे भांडे खरोखरच उचलून बाजूला ठेवले. पुढे १८२० च्या सुमाराला तिकडे साखरेची भांडी विकली जात, त्यांवर लिहिलेले असे, की ही हिंदुस्थानची साखर आहे, गुलामांनी केलेली नाही.

त्या भांड्यांचे चित्र पाहिले तेव्हा क्षणभर बरे वाटले. आपली साखर निष्पाप! पण पुढची पाने वाचली की ते टिकत नाही. १८३४ साली गुलामी कायद्याने गेली. दोन कोटी पौंडांची भरपाई देण्यात आली, ती मालकांना. राबलेल्यांना छदाम नाही. आणि त्याच मळ्यांवर करार करून माणसे नेली ती हिंदुस्थानातून. १८३४ पासून मॉरिशसला, १८३८ पासून डेमराराला, १८४५ पासून त्रिनिदादला. मॉरिशसला गेलेल्यांत आपले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवितात. कराराच्या कागदावर अंगठा उमटविणाऱ्याला फडातले जिणे कोणी समजावून सांगितले असेल, असे मला वाटत नाही. त्यांचाही होकार दुसऱ्याच कशाला तरी होता.

इतके दूर गेल्यावर परत घरी येणे भाग आहे. आपला गळीत हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. हा अंक तुमच्या हाती पडेल त्या दिवसांत बीडच्या, नगरच्या गावांतून माणसे निघालेली असतील. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने फडात काढायचे. धाकटे मूल बरोबर, शाळेतले आजीजवळ. पहाटे तोडायला लागायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, रात्री केव्हातरी कारखान्यावर रिकामी करायची, कोपीवर येऊन भाकरी टाकायची. २०१९ साली बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशीसाठी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत काम चुकले की खाडा लागतो. खाडा परवडत नाही म्हणून ऐन तिशीत पिशवी काढून टाकायची. हे वाचले त्या दिवशी मी चहात साखर घातली नाही. दुसऱ्या दिवशी घातली.

मग रसायनाच्या बाईने कागद घेतला आणि फॉक्सचा हिशेब आपल्या घराला लावून पाहिला. टनभर उसामागे चाळीस-पंचेचाळीस किलो मळी. टनभर मळीपासून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क. तेव्हा भाच्याच्या एका पेल्यामागे अडीच किलो ऊस, म्हणजे दोनेक कांड्या. साखरेचा उतारा दहा टक्के धरला तर किलोला दहा किलो ऊस. आमच्याकडे लाडू, करंज्या, चिरोटे, अनारसे मिळून फराळाला पाच किलो साखर सहज जाते. म्हणजे पन्नास किलो ऊस. पंचाच्या वीस पेल्यांएवढा! एकाच उसातून साखरही निघते आणि मळीही, त्यामुळे ही वजने नुसती शेजारी मांडणे काटेकोर नाही, हे मला कळते. पण वडिलांनी जो प्रश्न गुत्त्याला विचारला तो फडापर्यंत नेला, तर गच्चीवरच्या चार पेल्यांपेक्षा स्वयंपाकघरातल्या डब्यांकडेच अधिक वळतो. आणि वडिलांना बेसनाचा लाडू फार आवडे.

म्हणून लाडू करू नये काय? असे मला म्हणता येत नाही. फॉक्सच्या काळी बायकांनी साखर सोडली तेव्हा त्यांच्यापुढे एक मागणी होती, एक कायदा होता, तो होईपर्यंत थांबायचे होते. इथे मी साखर सोडली तर कोपीतल्या बाईला जास्त मिळेल असे नाही. कदाचित तिची उचलही कमी होईल. तिला हवे आहे ते टनामागे चार पैसे जास्त, दवाखाना, आणि मुलाला शाळा. माझा त्याग तिच्या उपयोगाचा नाही, माझ्याच मनाच्या समाधानाचा आहे. मात्र तेवढ्यावरून मला काही कर्तव्यच नाही, असे म्हणणाऱ्यांत मी बसणार नाही. निदान न पाहण्याची सोय मी घेऊ नये. सांगणे हे मिसळणाऱ्याचे काम असेल, तर विचारणे हे पिणाऱ्याचे आणि खाणाऱ्याचेही आहे.

गेल्या दिवाळीत भाच्याने माझे अर्धे म्हणणे मान्य केले. पंच करायला बसला तो सगळ्यांसमोर, मापाचा पेला हातात घेऊन, आणि काचेच्या जगाला कागद चिकटविला: ‘एका पेल्यात साठ मिलिलिटर रम आहे. चवीवर जाऊ नका.’ त्याची मुलगी तेरा वर्षांची. तिच्यासाठी त्याच फळांचा बिनारमेचा जग वेगळा होता, त्यावर काही लिहिलेले नव्हते. तिने दोन्ही जग पाहिले आणि मला म्हणाली, ‘आजी, मग लाडवाच्या डब्यावर काय लिहायचं?’

मी माझा हिशेब सांगितला. किलो साखरेला दहा किलो ऊस.

‘ते वजन झालं,’ ती म्हणाली. ‘तोडला कुणी, ते?’

ते मला सांगता येईना. मुकादमाच्या वहीत त्यांची नोंद असते, एवढे मला ठाऊक होते. तिथे नवरा-बायको मिळून एक धरतात आणि त्या एकाला ‘कोयता’ म्हणतात. मी तिला तेवढे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली, मग तिने एक लाडू घेतला आणि कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या कुठून दिसतात ते विचारीत कठड्यापाशी गेली.